एकदाच आलेला शब्द

आमच्या चर्चचे पाळकसाहेब बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पुढच्या महिन्यात नवे पाळक येतील, असा निरोप दर महिन्याला यायचा. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. कोल्हापुरातली आमची मंडळी तशी लहानच, रविवारी सकाळी निम्मी बाकं भरली तरी बरं वाटायचं. पाळक नाहीत म्हटल्यावर उपासना चालवायची जबाबदारी पंचांवर आली. पंच म्हणजे मंडळीनं निवडलेली पाच-सहा माणसं. त्यातला एकजण जुन्या मासिकातला उपदेश वाचून दाखवायचा. मधलं एखादं पान उलटायचं राहिलं तरी ना त्याच्या लक्षात यायचं ना आमच्या. दुसऱ्या एकाला शनिवारपासूनच घसा धरल्यासारखं वाटायला लागायचं. उरले गुरुजी.

गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि पंचांमधले सगळ्यात वडीलधारे. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं. बारावीनंतर ‘ह्याला पुण्याला धर्मशिक्षणाला पाठवा’ म्हणून माझ्या वडिलांच्या मागं लागले तेही तेच. मी गेलो. तिथं दोन वर्षं काढली, त्यात थोडं ग्रीक शिकलो. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि शिक्षण अर्धवट टाकून मी परत आलो. उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये कामाला लागलो. ग्रीकची पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत गेली, ती तिथंच राहिली.

आई मी लहान असतानाच गेली होती. घरात अंथरुणावरचे वडील, मी आणि आत्या. आत्या वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी करून रिटायर झाली आणि आमच्याकडं राहायला आली. आल्या दिवसापासून घर वॉर्डासारखं चालायला लागलं. वडिलांच्या गोळ्या, कूस बदलणं, माझा डबा, सगळं तिच्या हुकमानं.

एका रविवारी गुरुजी तापानं आजारी होते आणि मासिकवाले पंच लग्नाला गेले होते. गीतं झाली, प्रार्थना झाली. मग कुणीच उठेना. पेटी वाजवणाऱ्यानं आणखी एक गीत घेतलं. तेही संपलं. बायकांच्या बाकावरनं आत्या उठली, पदर सारखा केला आणि पुढं जाऊन व्यासपीठावर उभी राहिली. म्हणाली, “कुणी न्हाय तर मी दोन शब्द बोलते.”

ती बोलली ते शुभवर्तमानातल्या त्या बाईवर, जी बारा वर्षं रक्तस्रावानं आजारी होती आणि गर्दीतनं येऊन प्रभूच्या झग्याला शिवली. आत्यानं त्यात वॉर्डातल्या बायका आणल्या. पुरुष डॉक्टर समोर असला की ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या आणि तो गेला की नर्सचा हात धरून रडणाऱ्या. रात्रपाळी संपताना पुढच्या नर्सला पेशंटचं सांगावं तशी ती बोलत होती, एकेक गोष्ट, नीट. कुणी घड्याळाकडं बघितलं नाही. उपासना सुटल्यावर बायका तिच्याभोवती जमल्या आणि बराच वेळ हलल्याच नाहीत.

पुढच्या रविवारी लोकांनीच तिला उठवलं. त्याच्या पुढच्याही. कबनूरहून यंत्रमागावर काम करणारं एक कुटुंब एसटीनं यायचं, ते आता शेजाऱ्यांनाही घेऊन यायला लागलं. त्यातला बाप्या मला म्हणाला, “आमाला आधी कायबी कळत नव्हतं पावणं. ही बाई बोलाय लागल्यावर समजतंय की.”

सगळे खुश होते. मला मात्र पहिल्या दिवसापासून धास्ती होती. पुण्याच्या दोन वर्षांत मी फार काही शिकलो नसेन, पण कुठल्या पानावर काय आहे ते मला ठाऊक होतं. प्रेषितानं आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेलं एक पत्र बायबलच्या नव्या करारात आहे. स्त्रीनं शिकवू नये आणि पुरुषावर अधिकार चालवू नये, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. हे कुणाला तरी आठवणार, हे मला दिसत होतं. दर रविवारी आत्या उठली की मी तिच्याकडं बघायचोच नाही. मी बाकांकडं बघायचो. कोण पुस्तक उघडतंय, कोण पानं चाळतंय, तिकडं माझं लक्ष.

गुरुजी बरे होऊन आले. दोन रविवार पहिल्या बाकावर मान खाली घालून त्यांनी आत्याचं ऐकलं. काही बोलले नाहीत. उपासनेनंतर तिला ‘सलाम सिस्टर’ म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. त्यांच्या त्या गप्प राहण्यानं मला आणखीच धास्ती वाटायला लागली. तिसऱ्या रविवारी शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत ते उठून उभे राहिले. पुस्तक उघडलं आणि तेच वाक्य वाचलं.

“सिस्टरांबद्दल माझ्या मनात काही नाही,” ते म्हणाले. “त्या माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. पण हे इथं लिहिलंय. मी वाचलं नसल्यासारखं करून किती दिवस बसू?”

एकदम कालवा झाला. कुणी म्हणालं, ते त्या काळातल्या बायकांसाठी होतं. कुणी म्हणालं, मग बाकीचं कुठल्या काळासाठी आहे? कबनूरचा बाप्या उठून म्हणाला, “आमी एवढ्या लांबनं येतोय ते कुणासाठी?” बायकांच्या बाकांवर नुसती कुजबुज. आत्या हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली होती.

मग पंचांपैकी बँकेत काम करणारे एकजण म्हणाले, “हे भाषांतर आहे. मुळात काय शब्द आहे ते कोण बघितलंय? आपल्यात ग्रीक शिकलेला माणूस हाय की.”

आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

दोन आठवड्यांनी मंडळीची सभा ठेवायची, तिथं मी मूळ शब्दाचा अर्थ सांगायचा आणि मग ठरवायचं, असं ठरलं. तोवर उपासनेत नुसती गीतं आणि वाचन. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण गुरुजींनी माझ्याकडं बघून मान हलवली. शाळेत फळ्याजवळ बोलवताना ते अशीच मान हलवायचे.

त्याच दिवशी ट्रंक उघडली. पुस्तकांना कसर लागली होती. ग्रीक अक्षरं ओळखीची वाटत होती, पण ओळी वाचायला गेलो की ठेचकाळत होतो. ते वाक्य सापडलं. शब्दही सापडला. अउथेन्तेइन. क्रियापद. शब्दकोशात त्याच्यासमोर जेमतेम दोन-तीन ओळी होत्या. अधिकार असणे, वर्चस्व करणे. आणि खाली, त्याच मुळापासूनचं एक नाम जुन्या ग्रीकमध्ये येतं, त्याचा अर्थ स्वतःच्या हातानं जीव घेणारा. मी पुस्तक मिटलं. व्यासपीठावर उभी असलेली माझी आत्या आणि हा अर्थ मला एकत्र धरवेना.

पुन्हा उघडून बघितलं. अधिकारासाठी नव्या करारात नेहमी येणारा शब्द वेगळाच आहे, तो ठिकठिकाणी सापडतो. हा मात्र फक्त इथं. एकदाच. ताडून बघायला दुसरी जागाच नाही. आता सभेत उभं राहून मी काय सांगणार होतो? फाउंड्रीत माल मोजताना माझं लक्ष लागेना.

रस्त्यात लोक थांबवायला लागले. एकजण शिरोली नाक्यावर भेटला, “काय निघालं ओ?” म्हणाला, जसं काही माझ्याकडं रक्त तपासायला दिलंय. दुसऱ्या एकाचं बोलणं बाजारात मी पाठमोरा होतो तरी मला ऐकू आलं. तो बायकोला सांगत होता, “घरचंच प्रकरण हाय. आत्याच्या बाजूनंच निघणार की.”

रजा टाकली आणि एसटीनं पुण्याला गेलो. माझे ग्रीकचे सर आता निवृत्त झाले होते. दुपारी पोचलो तेव्हा ते गॅलरीत मटार सोलत बसले होते. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. ओळखल्यावर निम्मे मटार माझ्यापुढं सरकवले.

“सर, अउथेन्तेइनचा अर्थ काय?” मी बसल्या बसल्या विचारलं.

“तुमच्या मंडळीत काय झालंय?”

“आधी अर्थ सांगा सर.”

ते थोडा वेळ सोलत राहिले. “हे बघ, जो शब्द दहा ठिकाणी येतो, त्याला दहा बाजूंनी बघता येतं. हा त्या सगळ्या पुस्तकात एकदाच येतो. बाहेरच्या लिखाणात सापडतो, पण तिथंही थोडा, आणि कुठं एक अर्थ तर कुठं दुसरा. समज, दोन हजार वर्षांनी कुणाला मराठीतलं एकच वाक्य सापडलं, ‘त्यानं घरात अधिकार गाजवला.’ गाजणं म्हणजे दुमदुमणं एवढंच त्याला माहीत. तो काय लिहील?”

“अधिकार गाजवणे म्हणजे घरात मोठ्यानं ओरडणे.”

“लिहील की नाही? आणि अगदीच चूक म्हणता येईल का त्याला?”

“पण सर, नेहमीचा शब्द सोडून त्यानं हाच का वापरला?”

“ते कळलं असतं तर भांडणच मिटलं असतं. काहीजण म्हणतात, त्याला साधा अधिकार म्हणायचाच नव्हता. वरचढ होणं, बळकावणं, दांडगाई करणं असं काहीतरी त्याच्या मनात होतं. मग ते वाक्य दांडगाई करणाऱ्यांना लागू. काही म्हणतात, तोवर शब्द झिजून मऊ झाला होता, अधिकार एवढाच अर्थ उरला होता. दोन्हीकडं शिकलेली माणसं आहेत, आणि दोन्हीकडं प्रामाणिक.”

“तुम्हाला काय वाटतं?”

सरांनी सोललेले दाणे वाटीत ओतले. “मी एका बाजूला थोडा कललोय. पण ते मी तुला सांगणार नाही. तू तिथं जाऊन म्हणशील, सर असं म्हणाले. मग लोक माझ्यावरून भांडतील. मी काही त्या मंडळीत राहत नाही. तू राहतोस.”

परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत मी मनातल्या मनात सभा घेत होतो. एकदा म्हणायचो, शब्द दांडगाईचा आहे, आत्या दांडगाई करत नाही, विषय संपला. मग गुरुजींचा चेहरा यायचा. एकदा म्हणायचो, अधिकार म्हणजे अधिकार, तिनं खाली बसावं. मग आत्याचा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, जे मी म्हणतोय ते खरं आहे म्हणून म्हणतोय की कुणाला तरी तोंड दाखवता यावं म्हणून?

घरी आलो तर आत्या वडिलांची कूस बदलायची म्हणून माझी वाट बघत होती. एकीकडनं तिनं आणि एकीकडनं मी असं त्यांना वळवलं. ती त्यांच्या पाठीला पावडर लावत होती. इतके दिवस तिनं मला त्या विषयावर एक अक्षर विचारलं नव्हतं. पण रात्रीचं तिचं जेवण सुटलं होतं आणि रक्तदाब वाढला होता. स्वतःच मोजायची आणि मला आकडा सांगायची नाही.

“काय म्हणाले सर?”

“नक्की सांगता येत नाही म्हणाले. अधिकार चालवणं असेल, नाहीतर दांडगाई करणं असेल.”

ती पावडर लावत राहिली. “मग मी करते काय रे दांडगाई?”

अंथरुणावरनं वडिलांच्या घशातनं आवाज आला. त्यांना नीट बोलता येत नसे, पण ते हसत होते. मीही हसलो. “घरात तर करतेसच.”

तीही हसली. मग डबीचं झाकण लावता लावता थांबली. “खरं सांगू? तिथं उभं राहिलं की मला बरं वाटतं. सारा जन्म डॉक्टर बोलायचे आणि मी ऐकायची. चुकीचं बोलले तरी ऐकायची. आता मी बोलते आणि माणसं ऐकतात. आदल्या दिवशीपासून मला रविवार कधी येतो असं होतं. ते बरं वाटणं त्या शब्दात येतं का, तेवढं मला सांग.”

कोशात असलं काही नव्हतं.

सभेच्या दोन दिवस आधी गुरुजींनी बोलावून घेतलं. त्यांच्या बायकोनं जयसिंगपूरचं भडंग पुढं ठेवलं आणि ती आत गेली. मला वाटलं, आता हे मला आधीच विचारून घेणार. त्यांनी विचारलं नाही. ते त्यांचं स्वतःचं सांगायला लागले. ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचं घर शिरोळकडचं, लिंगायत. शेती आणि अडत दुकान. घरात कानडी, बाहेर मराठी. शिक्षकाच्या ट्रेनिंगला असताना कुणीतरी त्यांना नवा करार वाचायला दिला. वाचत गेले आणि एक दिवस बाप्तिस्मा घेऊन गावी आले.

“अण्णा उंबऱ्यात उभे होते,” गुरुजी म्हणाले. “थोरला भाऊ. वडलांच्या जागी. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. पुस्तक ठेव आणि आत ये, एवढंच म्हणाले. मागं अव्वा, माझी आई, उभी होती. ती काहीच बोलली नाही. मी पुस्तक ठेवलं नाही. त्या घरात मी परत गेलो ते अव्वा वारल्यावर, आणि तेही अंगणापर्यंत.”

बशीतलं भडंग तसंच होतं. आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता.

“आता ह्या पुस्तकातलं एखादं वाक्य आपल्याला अडचणीचं झालं म्हणून बाजूला ठेवता येत असेल,” ते म्हणाले, “तर ते मला त्या दिवशी उंबऱ्यात कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मीही एखादं ठेवलं असतं आणि आत गेलो असतो.”

मी मान खाली घातली. ते पुढं म्हणाले, “तू जे सांगशील ते मी मानीन. पण तिच्यासाठी म्हणून काही सांगू नकोस. आणि माझ्यासाठी म्हणूनही नको.”

सभेला चर्च गच्च भरलं होतं. एरवी नाताळाशिवाय न दिसणारे लोकही आले होते. कबनूरची मंडळी दाराशी उभी होती. मी लिहून आणलेला कागद घामानं ओला झाला होता, तो घडी करून खिशात ठेवला आणि तसाच बोलायला लागलो. शब्द एकदाच येतो हे सांगितलं. नेहमीचा शब्द वेगळा आहे हे सांगितलं. दोन्ही अर्थ सांगितले. त्या जुन्या नामाचा अर्थही सांगितला, लपवला नाही. तेव्हा बायकांच्या बाकांवर कुणीतरी ‘अगं बाई’ म्हटलेलं ऐकू आलं. शेवटी म्हणालो, “ह्यातला कुठला अर्थ त्याच्या मनात होता, ते मला ठरवता येत नाही.”

“म्हंजे तुला येत न्हाय म्हण की,” मागनं कुणीतरी म्हणालं. थोडे लोक हसले.

“येत नाही,” मी म्हणालो.

“मग दोन वर्षं काय शिकलास?”

बँकेतले पंच मात्र खुश झाले होते. ते उठून म्हणाले, “म्हणजे अर्थ नक्की नाही. नक्की नाही त्याच्या जोरावर कुणाला खाली बसवता येत नाही. सिस्टरांनी बोलावं.” बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा गुरुजी उठले. “एकच विचारतो. त्या वाक्यात दोन क्रियापदं आहेत. अधिकाराच्या आधी शिकवणे येतं. त्या शब्दाच्या अर्थाबद्दलही शंका आहे का?”

मी त्यांच्याकडं बघितलं. सगळे दोन आठवडे मी त्या एका शब्दाभोवती फिरत होतो. शेजारचा शब्द मला दिसला नव्हता असं नाही, पण त्याच्याकडं बघायची गरज वाटली नव्हती. तो सोपा होता. पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यांतला.

“नाही गुरुजी,” मी म्हणालो. “तो साधा आहे. शिकवणे म्हणजे शिकवणेच. दोन्ही मिळून एकच गोष्ट म्हणायची असेल, असंही काहीजण म्हणतात. पण शब्द साधा आहे.”

गुरुजी जिंकल्यासारखे दिसत नव्हते. ते बाकाची पाठ धरून उभे होते.

आत्या उठली. “माझ्यासाठी भांडू नका,” ती म्हणाली. “नवे पाळक येईपर्यंत मी पुढं उभी राहत नाही.” आणि बसली. कबनूरचा बाप्या काहीतरी बोलायला गेला, त्याला त्याच्या बायकोनं हाताला धरून गप्प केलं.

पण पाळक काही लगेच आले नाहीत आणि लोक ऐकायला तयार नव्हते. मग पंचांनीच एक वाट काढली. उपदेश नको, पण साक्ष द्यायला कुणालाही बंदी नाही. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं, ते बायका पूर्वीपासून करत आल्या होत्या. तेव्हा आत्या व्यासपीठावर न चढता खाली पहिल्या बाकाशी उभी राहून साक्ष द्यायला लागली. ती साक्ष उपदेशाएवढीच लांब असायची. फरक एवढाच की आता ती मध्येच थांबायची, आपण जास्त बोलतोय का असं बघायची, आणि मग जरा घाईनं संपवायची. पूर्वीसारखं बोलणं तिचं परत झालं नाही. गुरुजी दाराजवळच्या बाकावर जाऊन बसायला लागले. दोघांचा सलाम बंद झाला. आज कोण येणार नाही, कोण कुणाशी बोलणार नाही, हे मोजत मी दर रविवारी चर्चच्या पायऱ्या चढायचो.

नवे पाळक पावसाळ्यानंतर आले. त्यांनी हा विषय काढला नाही, आम्हीही नाही. कबनूरचं कुटुंब हळूहळू यायचं बंद झालं. इचलकरंजीत एक प्रार्थना मंडळ आहे, तिकडं जातात असं कानावर आलं.

पुढं दीडेक वर्षानं वडील गेले. त्या दिवशी घरात सगळ्यांत आधी आले ते गुरुजी. आत्या वडिलांचं अंग पुसत होती. गुरुजींनी काठी कोपऱ्यात ठेवली, बाह्या वर केल्या आणि न बोलता पाण्याची बादली तिच्याजवळ सरकवली. तिथनं त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. दुपारी यायचे, चहा घ्यायचे, आत्याकडून रक्तदाब मोजून घ्यायचे. वाचायला एखादं पान काढायचे आणि दोघं त्यावरनं वाद घालायचे. ते वाक्य मात्र कुणीच काढत नसे. मी कामावरनं आलो आणि बाहेर त्यांच्या चपला दिसल्या की आधी दाराशी थांबून कानोसा घ्यायचो. आवाज चढलेत का ते बघायचो. मग आत जायचो.

एका संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला निघालो होतो. तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. चालता चालता त्यांनी विचारलं, “त्या दिवशी मी सभेत विचारलं ते बरोबर होतं का?”

“बरोबर होतं गुरुजी.”

“मलाही तसंच वाटतं.” ते थोडं चालले. “मग एवढी वर्षं मला त्याची रुखरुख का लागून राहिलीय?”

मी म्हणालो, मलाही लागून राहिलीय. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला. रस्त्यात खड्डा होता म्हणून केला असेल, मला कळलं नाही.

गुरुजी वारले तेव्हा पाळकसाहेब परगावी होते. ते पोचेपर्यंत थांबता येण्यासारखं नव्हतं. शिरोळहून त्यांचे पुतणे आले होते, ते स्मशानभूमीच्या फाटकाशी टोप्या हातात घेऊन उभे होते. खड्ड्याजवळ शवपेटी ठेवली. गीत झालं. गुरुजींचा मुलगा आत्याकडं आला आणि म्हणाला, “मावशी, तुम्हीच दोन शब्द बोला. बाबांना तुमच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं.”

आता नाही म्हणायला कुणीच उरलं नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते. आत्या तोवर सत्तरीत होती. तिनं डोळे पुसले, पेटीकडं बघितलं.

“नको बाळा,” ती म्हणाली. “त्यांना चाललं नसतं. आज तरी त्यांच्या मनासारखं होऊ दे.”

मुलगा माझ्याकडं वळला. मी पुढं झालो. काय बोललो ते सगळं मला आता आठवत नाही. चौथीतल्या वर्गाचं काहीतरी बोललो, उंबऱ्यातल्या अण्णांचं सांगितलं, आणि ते सांगताना फाटकाशी उभ्या असलेल्या पुतण्यांकडं बघायचा धीर झाला नाही. लवकर संपवून मागं आलो. माती द्यायला लोक पुढं सरकले, त्यात ते पुतणेही आले.

परत येताना रिक्षात आत्या बाहेर बघत होती. मला वाटलं, तिला वाईट वाटतंय. बिंदू चौक ओलांडल्यावर म्हणाली, “मागच्यांना काही ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी छातीतनं बोल.”